ताकाला जाऊन शेकर लपवणे

जिममध्ये दोन माणसं भेटली की पूर्वी एकच प्रश्न असायचा, "बेंच किती मारतोस?" उत्तर ऐकणारा मनातल्या मनात त्यातून दहा किलो वजा करायचा आणि व्यवहार पुरा व्हायचा. हल्ली पुण्यातल्या कुठल्याही जिममध्ये जा, डंबेलच्या रॅकपाशी दोन दणकट पोरं खालच्या आवाजात एकमेकांना विचारत असतात, "तुझं पोट कसंय?" बावीस-तेवीस वर्षांची, दंडावर शिरा तटतटलेली पोरं! हा प्रश्न आमच्याकडे साठीनंतर, बागेतल्या बाकावर विचारायची पद्धत आहे आणि त्याचं उत्तर तपशीलवार द्यायची पद्धत आहे. दोन पिढ्यांमधलं अंतर शेवटी आतड्यामार्गे मिटलं म्हणायचं.

शरीर कमावणाऱ्यांच्या राज्यात पोटाकडे इतकी वर्षं दोनच कामं होती. बाहेरून सहा वड्या पाडून दाखवायच्या आणि आत येईल ते प्रोटीन गपगुमान दंडाकडे रवाना करायचं. पोट कुरकुरलं तर त्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. आता एकदम पोटाला बढती मिळाली आहे. छाती, पाठ, खांदे, पाय यांच्या पंगतीत 'गट हेल्थ' येऊन बसली आहे. बढतीचं कारण मात्र कोणी उघड सांगत नाही.

आमच्या जिममध्ये तरुणांचे दोनच प्रकार आहेत, बल्कवर असलेले आणि कटवर असलेले. बल्कवाला समोर येईल ते खातो. कटवाला समोरचा काय खातोय ते बघत बसतो. पोट मात्र दोघांचंही बिघडलेलं असतं, आणि ते कळतं स्क्वॉटच्या वेळी. खांद्यावर शंभर किलोचा बार, कमरेला आवळलेला चामडी पट्टा, छातीत कोंडलेला श्वास, आणि मागून ट्रेनर ओरडतोय, "खाली, अजून खाली, कोअर टाइट!" पोटातला दाब वाढवून पाठीचा कणा सांभाळायचा, हेच या व्यायामाचं शास्त्र. पण दाब भेदभाव करत नाही. तो कण्याला आधार देतो आणि सकाळच्या दोन स्कूपना वाटही दाखवतो. म्हणून जाणती माणसं स्क्वॉट रॅकच्या मागच्या मॅटवर शवासन करत नाहीत. जिममध्ये गाणी एवढ्या मोठ्यानं का लावतात, असं बाहेरचे लोक विचारतात. आतले विचारत नाहीत.

यात पोरांपेक्षा हिशेबाचा दोष जास्त. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे साध्या माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला ५८ ग्रॅम. व्यायाम करणाऱ्यांसाठी क्रीडापोषणवाले १.४ ते २ ग्रॅम सांगतात, म्हणजे ९८ ते १४०. आमचा बल्कवाला यातला मोठा आकडा घेतो आणि त्यात 'सेफ्टी'साठी आणखी चाळीस घालतो. मग अंडी, चिकन, पनीर आणि अर्धा लिटर दुधात घोळलेली व्हे. जे लहान आतड्यात पचून शोषलं जातं त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. उरलेलं मोठ्या आतड्यात उतरतं. तिथे जंतू वाटच बघत असतात. अंड्यात आणि व्हेमध्ये गंधक असलेली अमिनो आम्लं भरपूर असतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. माणूस जो वायू सोडतो त्यातला ९९ टक्के तसा निर्दोष असतो, त्याला वास नाही. बदनामी उरलेला एक टक्का करतो, आणि तो एक टक्का आमच्या पोरांनी फार मेहनतीनं कमावलेला असतो.

शिवाय दूध. आपल्याकडे मोठेपणी लॅक्टोज नीट न पचणाऱ्यांची संख्या थोडीथोडकी नाही. साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज असतं, आयसोलेटमध्ये फार कमी. म्हणून बल्कवाला जास्त पैसे मोजून आयसोलेट आणतो आणि अर्धा लिटर दुधातच ढवळतो. त्या दुधात २५ ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असतं. भुकेला वर प्रोटीन बार, ज्यात साखर नाही हे मोठ्या अक्षरात आणि माल्टिटॉल आहे हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. हे माल्टिटॉलही अर्धवट पचतं आणि पुढचा प्रवास जंतूंच्या हवाली करतं.

या व्हेचं कौतुक घरात कोणाला नसतं. श्रीखंडासाठी चक्का टांगल्यावर खालच्या पातेल्यात जे पाणी जमतं, ते आई एक तर थालीपिठाच्या पिठात घालते नाहीतर मोरीत ओतते. मुलगा किलोला तीन हजार मोजून जे आणतो ते नात्यानं त्या पाण्याचंच भावंड आहे, हे कळल्यावर एका माउलीनं आमच्या जिममध्ये फोन करून फसवणुकीची तक्रार केली होती. तक्रार अर्धी खरी, अर्धी खोटी. बाजारातली व्हे चीज करताना उरलेल्या पाण्यातून काढतात. एके काळी हे पाणी युरोपात डुकरांना घालत. पण लिटरभर पाण्यात प्रथिनं जेमतेम सहा-सात ग्रॅम. एका स्कूपची बरोबरी करायची तर मोरीत जाणारं तीन-चार लिटर पाणी प्यावं लागेल. तेवढं श्रीखंड घरात रोज झालं तर कटवाल्याला घर सोडावं लागेल.

असो. तर पोट बिघडलेलं असतं, पण काउंटरवर येऊन तसं कोणी म्हणत नाही. "सर, रिकव्हरीसाठी काही आहे का?" "इम्युनिटी जरा डाउन वाटतेय." "अ‍ॅब्सॉर्प्शन वाढवायचंय." ताकाला जाऊन भांडं लपवायची आपली खोड जुनीच, आता भांड्याच्या जागी शेकर आला आहे. ट्रेनर मुरलेला असतो. तो "समजलं" एवढंच म्हणतो आणि मागच्या फळीवरून प्रोबायोटिकची बाटली काढतो.

आता या शेकरविषयी. तो एकदा जवळून बघण्यासारखा असतो. काळं झाकण, आत तारेचा गोळा, आणि झाकणाच्या आट्यांमध्ये पिवळट, वाळलेली एक कड. शनिवारी व्यायाम झाल्यावर तो मोज्यांसोबत बॅगेत जातो आणि सोमवारी बाहेर येतो. उघडताना 'फस्स' असा आवाज होतो. मालक मान मागे घेऊन, डोळे बारीक करून तो नळाखाली धरतो, दोनदा हिसळतो आणि त्यातच नवा स्कूप टाकतो. याच पोरानं आदल्या दिवशी एका कॅप्सुलीत '५० अब्ज जिवंत जंतू' मिळतात म्हणून दीड हजार रुपये दिलेले असतात.

प्रोबायोटिक कशाला म्हणायचं, याची व्याख्या २००१ साली अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी ठरवली. तीन अटी आहेत. जंतू जिवंत हवेत, पुरेशा संख्येनं हवेत, आणि त्यांच्यामुळे आरोग्याला फायदा व्हायला हवा. सोमवारचा शेकर पहिल्या दोन अटींत विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण होतो.

पण शरीरसौष्ठववाल्याला अटींत रस नाही, आकड्यात आहे. आयुष्यभर त्यानं एकच सत्य शिकलेलं असतं, की मोठा आकडा चांगला. म्हणून दहा अब्जवाली बाटली बघून तो "बिगिनरसाठी ठीक आहे" म्हणतो आणि पन्नास अब्जवाली उचलतो. भारतात खाद्यपदार्थाला प्रोबायोटिक म्हणवून घ्यायचं तर दिवसाच्या मात्रेत सर्वसाधारणपणे किमान १० कोटी जिवंत जंतू हवेत, एवढाच नियम आहे. मुळात सत्तर किलोच्या माणसात जंतू असतात सुमारे ३८ लाख कोटी. २०१६ साली हा नवा अंदाज आला, त्याआधी शरीरात पेशींच्या दहापट जंतू असतात असं सगळे बिनदिक्कत सांगत असत. भागाकार केला तर पन्नास अब्जांची कॅप्सूल म्हणजे आधीच बसलेल्या ७६० जणांमागे एक नवा. शिवाय वाटेत जठरातलं आम्ल आहे. ते ओलांडून जे आत पोचतात ते बहुतेक काही दिवस थांबतात आणि कॅप्सूल बंद झाली की निघून जातात. या सगळ्या ३८ लाख कोटींचं वजन भरतं सुमारे २०० ग्रॅम. काट्यावर उभं राहिल्यावर त्यातले दोनशे ग्रॅम आपले नसतात, हे ऐकून कटवाल्याला जो आनंद झाला तो मी त्याच्या चेहऱ्यावर याआधी कधी पाहिला नव्हता.

आकड्यापेक्षा महत्त्वाची असते जात. म्हणजे जंतूची. आणि इथे मराठी माणूस खरं तर फार पुढे असायला हवा. आपण नव्या माणसाला आधी आडनाव विचारतो, मग नाव, आणि तरी समाधान झालं नाही की "मूळ गाव कुठलं?" प्रोबायोटिकचं अगदी तसंच आहे. बॅसिलस हे आडनाव, कोअ‍ॅग्युलन्स हे नाव. पण गाव कळल्याशिवाय सोयरीक करता येत नाही. त्या गावाला शास्त्रज्ञ 'स्ट्रेन' म्हणतात आणि ते जीबीआय-३० ६०८६ असं काहीतरी असतं. एका स्ट्रेनचा जो गुण प्रयोगात दिसला तो त्याच नावाच्या दुसऱ्या स्ट्रेनमध्ये असेलच असं नाही. त्यात २०२० साली शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलस या जुन्या, भल्या मोठ्या एकत्र कुटुंबाची वाटणी करून २५ घरं केली. ज्यांची आडनावं तोंडात बसली होती त्यांचीही बदलली. बल्कवाल्याला व्हेमधल्या ल्यूसिनचे ग्रॅम दशांशापर्यंत पाठ असतात. बाटलीवरचा स्ट्रेन विचारला तर तो म्हणतो, "मँगो."

या विद्येचा इतिहास बघितला तर ज्यांनी ती उभी केली त्यांच्यापैकी कोणाच्या डोळ्यांसमोर दंड नव्हता. स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्यानं १९०५ साली जिनिव्हात आपल्या गावाकडच्या दह्यातला जंतू शोधला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एली मेचनिकोव्हनं बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध पिऊन दीर्घायुषी होतात असं मांडलं. १९०८ साली त्याला पॉल अर्लिखच्या जोडीनं नोबेल मिळालं, पण ते दह्यासाठी नव्हे, रोगप्रतिकारशक्तीच्या संशोधनासाठी. तो स्वतः आंबट दूध पीत असे आणि १९१६ साली एकाहत्तराव्या वर्षी गेला, त्यामुळे बल्गेरियन शेतकऱ्यांची बाजू थोडी लंगडी पडली. जर्मनीत आल्फ्रेड निस्लेनं पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, एक उपयोगी जंतू वेगळा केला. आजूबाजूचे सैनिक जुलाबानं हैराण असताना एकालाच काही झालं नव्हतं. निस्लेनं त्या सैनिकाच्या शौचातून तो जंतू मिळवला. तो आजही औषध म्हणून विकला जातो. हा उगम वेष्टनावर मोठ्या अक्षरात का छापत नाहीत, हे समजण्यासारखं आहे. जपानमध्ये मिनोरू शिरोतानं १९३० साली आपला जंतू निवडला आणि १९३५ साली याकुल्ट बाजारात आलं. जुलाब, म्हातारपण, लहान मुलांचे आजार अशा चिंतांतून ही मंडळी निघाली होती. त्यांच्या शंभर वर्षांच्या पुण्याईवर आता आमचा कटवाला खांद्याचा उंचवटा मागतो आहे.

मग शास्त्राकडे त्याच्यासाठी काहीच नाही का? आहे, पण बेतानं. २०१४ साली आयर्लंडच्या व्यावसायिक रग्बीपटूंच्या पोटात जंतूंची विविधता इतरांपेक्षा जास्त आढळली. पण ते व्यायामही जास्त करत होते आणि प्रथिनंही जास्त खात होते, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं हा प्रश्न राहिला. बल्कवाल्यानं ते सगळं प्रथिनांना देऊन टाकलं. २०१९ साली बॉस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंमध्ये वेयोनेला नावाचा जंतू शर्यतीनंतर वाढलेला दिसला. व्यायामात तयार होणारं लॅक्टेट तो खातो आणि त्याचं प्रोपिओनेट करतो. तो उंदरांना दिला तर ते ट्रेडमिलवर १३ टक्के जास्त वेळ पळाले. ही बातमी आमच्या जिममध्ये टाळ्या वाजवून साजरी झाली. ट्रेडमिलवर तेव्हाही कोणी नव्हतं. ती टॉवेल वाळत घालायला ठेवलेली आहे.

क्रीडापोषणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, इंटरनॅशनल सोसायटी ऑफ स्पोर्ट्स न्यूट्रिशननं, त्याच वर्षी आपलं अधिकृत मत मांडलं. त्याचा मथितार्थ असा, की काही ठराविक स्ट्रेनमुळे खेळाडूंची सर्दीपडशी आणि पोटाच्या तक्रारी कमी होऊ शकतात, आणि काही स्ट्रेन प्रथिनांसोबत घेतले तर अमिनो आम्लं थोडी अधिक शोषली जाऊ शकतात. 'काही', 'ठराविक', 'शकतात', 'थोडी'. शास्त्रज्ञ या चार शब्दांवर तगून असतात आणि बाटलीच्या वेष्टनावर नेमके हेच चार शब्द मावत नाहीत.

इथपर्यंत आलं की कोणीतरी काका पुढे सरसावतात. प्रत्येक जिममध्ये असे एक काका असतात. ते व्यायाम दहा मिनिटं करतात आणि पन्नास मिनिटं संस्कृती सांगतात. "हे सगळं आपल्याकडे होतंच! कोल्हापूरच्या तालमीत जा." आता तालमीचं उदाहरण गंमतशीर आहे. हौद्यातल्या लाल मातीत तेल, हळद, लिंबू, कापूर घालतात आणि ताकही ओततात. म्हणजे आपल्या वस्तादांनी पहिला प्रोबायोटिक खुराक पैलवानाच्याही आधी मातीला लावला. पैलवानाच्या वाट्याला बदाम घोटलेली थंडाई, तूप आणि गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध. ते पचवायला हजारांत मोजायच्या जोर-बैठका होत्या. आमच्याकडे खुराक तालमीचा आणि व्यायाम दोन सेटमध्ये तीन सेल्फी, असा संयुक्त प्रकल्प चालू आहे.

काकांची यादी पुढे जाते : कढी, ढोकळा, इडली, आंबोळी, लोणचं. सगळं आंबवलेलं, म्हणून सगळं प्रोबायोटिक. काकांना वाईट वाटेल, पण कढी उकळली की तिच्यातले जंतू इहलोक सोडतात. ढोकळा वाफेवर आणि आंबोळी तव्यावर तेच करते. चव राहते, आंबवण्याचे काही फायदेही राहतात, जिवंत कोणी राहत नाही. तेल-मिठात बुडवलेलं कैरीचं लोणचंही या हिशेबात फारसं बसत नाही. घरच्या दह्यात जंतू जिवंत असतात, भरपूर असतात. पण त्यांचं मूळ गाव कोणी तपासलेलं नसतं, कारण विरजण शेजारणीकडून वाटीतून आलेलं असतं. म्हणून शास्त्राच्या कडक भाषेत त्याला प्रोबायोटिक म्हणत नाहीत. मात्र एक गोष्ट दह्याच्या बाजूनं पक्की आहे. त्यातले जिवंत जंतू लॅक्टोज पचवायला मदत करतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेकडे प्रोबायोटिकवाल्यांनी दाव्यांचे ढीग नेले, ते भराभर फेटाळले गेले. दह्याचा हा साधा दावा मात्र तिनं मान्य केला. म्हणजे अर्ध्या लिटर दुधानं ज्याचं पोट फुगतं, त्याच्या कामाची गोष्ट फ्रीजमध्ये, आईनं झाकण ठेवलेल्या सटात आहे. तिला फ्लेवर नाही, एवढाच तिचा गुन्हा.

आणि या सगळ्यात जंतूंच्या जेवणाचं कोणी बघतच नाही. त्यांना लागतो चोथा. कांदा, लसूण, मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, फ्रीजमध्ये राहिलेल्या भाताचा फोडणीचा भात. यातलं जे आपल्याला पचत नाही ते खाऊन जंतू ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशी त्यावर जगतात. आमच्या कटवाल्यानं भाकरी बंद केली कारण 'कार्ब', केळं बंद केलं कारण 'शुगर', उसळ बंद केली कारण गॅस. उरलं उकडलेलं चिकन आणि अंड्याचं पांढरं. मग पाहुणे म्हणून पन्नास अब्ज बोलवायचे आणि घरात चूल बंद! त्यांनी राहायचं तरी कशाच्या जोरावर?

हे समजावून सांगितलं की पोरं पेटतात, हा दुसरा धोका. एकानं त्याच संध्याकाळी मटकीची उसळ परातभर खाल्ली, वर इसबगोल. दुसऱ्या दिवशी जिमच्या मालकानं एक्झॉस्ट फॅन दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. हाच मुलगा डंबेलचं वजन अडीच किलोनं वाढवायचं तर दोन आठवडे विचार करतो. 'प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड' हा शब्द त्याच्या बनियनवर छापलेला आहे. आतड्यालाही तोच नियम लागू पडतो. चोथा हळूहळू वाढवायचा, पाणी प्यायचं, दोन आठवडे दम धरायचा. पण दंड आरशात दिसतो आणि जिमच्या चारही भिंतींना आरसे आहेत. आतडं कुठल्याच भिंतीत दिसत नाही. त्याचा पंप येत नाही, फोटो निघत नाही. ते नीट चाललं आहे याचा पुरावा एवढाच, की त्याच्याबद्दल बोलावं लागत नाही. असल्या यशाचं करायचं काय, हे पोरांना कळत नाही.

परवा ट्रेनरनं सगळ्यांना गोळा करून साधी यादी सांगितली, आणि ती खरोखर शहाणपणाची होती. प्रोटीन गरजेपुरतंच. दूध सोसत नसेल तर स्कूप पाण्यात. जेवणात भाकरी-उसळ, सोबत दही किंवा ताक. झोप सात-आठ तास. शेकर रोज साबणानं घासायचा. कॅप्सूल घ्यायचीच तर स्ट्रेन बघून, आणि जुनं दुखणं असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल तर जिममध्ये न विचारता डॉक्टरकडे जायचं. पोरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग बल्कवाल्यानं हात वर केला.

"सर, हे सगळं एका स्कूपमध्ये येत नाही का?"

ट्रेनरनं क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग कपाट उघडून एक नवा डबा काउंटरवर ठेवला. व्हे, त्यात फायबर, त्यात प्रोबायोटिक. किंमत पावणेचार हजार. चव, मसाला ताक.

दोघांनी एकेक घेतला. सोबत शेकर फुकट होता, त्यामुळे जुना धुवायचा प्रश्नही मिटला.